तीसचं तेल

बॉनेट उघडं, इंजिन चालू, ऊन मी म्हणत होतं, आणि भाची काही हट्ट सोडत नव्हती.

“मामा, येतोय आवाज. गाडी गार असली की नाही येत. तापली की येतो. टिकटिक टिकटिक, शिवणाचं मशीन चालल्यासारखा.”

“मला तर काही येत नाही.”

“नीट ऐका ना.”

“नीट म्हणजे? आजवर काय वाकडं ऐकत होतो?”

अंगणातली माणसं हसली. गावात कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडलं की चार डोकी गोळा होतातच, त्यातून हे तर डॉक्टरांचं अंगण. मामांना सगळा गाव डॉक्टर म्हणायचा. लाकडाची गुळगुळीत काठी इंजिनाला टेकवायची, दुसरं टोक कानाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि आत कोण कण्हतंय ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. शहरातल्या गॅरेजने हात टेकलेल्या गाड्या या अंगणातून धावत बाहेर पडल्या होत्या.

तेलाच्या बाबतीत तर त्यांचा शब्द शेवटचा. डब्यावर दोन आकडे असतात, पहिला गार इंजिनाचा, दुसरा तापलेल्याचा. गाव दुसऱ्याच आकड्याने तेल ओळखायचा. हिवाळ्यात पहाटे जुन्या गाड्या चालू व्हायला रडतात, म्हणून तेव्हा पातळ, तीसचं. तेच तेल उन्हाळ्यात पार पाण्यासारखं होतं आणि लोखंडाला लोखंड घासायला लागतं, म्हणून मग दाट, पन्नासचं. एवढं पोराटोरांनाही पाठ होतं. पण बदलायचं कधी, हे डॉक्टर ठरवणार.

“तारीख बघून तेल बदलतो तो कारकून,” ते म्हणायचे. “इंजिन स्वतः सांगतं, बाबा रे, मला आता उकडतंय. ऐकणारा पाहिजे.”

आणि मग उन्हाळा चढू लागला की एखाद्या दिवशी ते काठी खाली ठेवून नुसतं म्हणायचे, “काढा.” दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या गाड्यांचं तेल बदललं जायचं. यंदा विहिरींचं पाणी तळाला गेलं, पत्रे हात लावू देईनात, तरी डॉक्टर काही बोलले नव्हते. ते बोलले नाहीत म्हणून कुणी बदललं नव्हतं.

खरी गोष्ट एकट्या मामांना ठाऊक होती. ते बहिरे नव्हते. माणसांचं बोलणं, ट्रॅक्टरची धडधड, इंजिनाची घरघर, सगळं येत होतं. पण चाळणीतून पीठ गळून जावं आणि वर कोंडा राहावा, तसे बारीक, टोकदार आवाज त्यांच्या कानांतून गळून गेले होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम मामींनी मागेच काढून घेतलं होतं. “तुमच्या भरवशावर राहिले तर कोळसा खावा लागेल,” असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांना वाटलं, नवऱ्याचं लक्ष नसतं. मामांनी तसंच वाटू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आताही त्यांनी काठी टेकवली, डोळे मिटले. आत घरघर होती, ओळखीची, जाडसर. टिकटिक नव्हती. पोरगी खोटं बोलत नाही हे त्यांना कळत होतं. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं तिला. बहीण गेल्यापासून ती याच घरात वाढलेली. ही जुनी गाडी घेऊन ती गावचा भाजीपाला आणि माणसं बाजाराला नेत होती. गाडी तिची होती आणि तिचं पोट गाडीवर होतं.

“पन्नासचं घालू का, मामा? डबा आणलाय मी.”

“म्हणजे तू आधीच ठरवून आलीस?”

“तसं नाही...”

“कानामागून आली आणि तिखट झाली!” लंबू म्हणाला. लंबू म्हणजे ट्रॅक्टरवाला. उंचीने जेमतेम दोन हात, पण तोंड चार माणसांचं. “डॉक्टर, आता काठी हिला द्या आणि तुम्ही पोळ्या लाटा!”

अंगण खदखदलं. भाचीचा चेहरा उतरला. मामांनी लंबूला गप्प करायला हवं होतं. ते इतरांबरोबर हसले. वर म्हणाले, “हिच्या डोक्यात वाजतंय, इंजिनात नाही. चांगलं तेल ओतून द्यायचं म्हणे. बंद कर ते बॉनेट.”

तिने बंद केलं. आपटलं नाही, दोन्ही हातांनी दाबून, हळू बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ती बाजाराला निघाली तेव्हा मामा काही काम नसताना पुढे जाऊन बसले. मागे मळेवाल्या काकू होत्या, काकड्यांच्या आणि पालेभाजीच्या पाट्यांमध्ये रुतून बसलेल्या. काकूंचं तोंड गाव सुटेपर्यंत बंद होत नसे आणि गाव सुटल्यावर तर नसेच.

“भाऊ, आज तुम्ही पण? मग गाडीला कसली भीती! डॉक्टर गाडीतच बसलेत म्हटल्यावर.”

पुलाचं काम चालू होतं तिथे गाड्या अडवल्या होत्या. इंजिन चालू ठेवून थांबावं लागलं. काचेतून ऊन मांडीवर पडत होतं, रस्त्यावरची हवा पाण्यासारखी थरथरत होती. आणि तेव्हा स्टिअरिंगमागचा लाल दिवा लुकलुकला. तेलाचा. लागला, विझला, पुन्हा लागला.

भाचीने दिव्याकडे पाहिलं, मग मामांकडे. 

कान दगा देतात. डोळे तर शाबूत होते. लाल दिव्याला काठी लागत नाही. पण काल भर अंगणात बोललेला शब्द त्यांच्या घशात हाडासारखा अडकला होता.

“वायर ढिली असेल,” ते म्हणाले.

“थांबूया का, मामा? गार होऊ दे. मागे पन्नासचा डबा आहे. पुलापाशी कुणीतरी पाना देईल.”

“काकड्या सुकतील वहिनींच्या. चल.”

“माझ्या काकड्यांचं काय घेऊन बसलात, भाऊ?” काकू मागून म्हणाल्या. “दिवा लागलाय तर बघा की.”

“चल म्हटलं ना!”

तिने गिअर टाकला. पुलानंतर चढ लागतो, सरळ, लांब, सावलीचं एक झाड नसलेला. अर्ध्या चढावर दिवा लुकलुकायचा थांबला आणि पक्का लागून राहिला. मग ठोके सुरू झाले. ते मामांना कानांनी नाही, तळपायांनी कळले. चपलेतून, गुडघ्यातून, दातांपर्यंत. कुणीतरी आतून बाहेर येण्यासाठी दार ठोकावं तसे. भाचीने गाडी कडेला घेता घेता एकच मोठा खाडकन आवाज झाला आणि इंजिन मेलं.

जळक्या तेलाचा वास सुटला. तिने किल्ली फिरवून पाहिली नाही. तिला कळलं होतं.

काकूंनी मुकाट्याने पिण्याचं पाणी पोत्यावर ओतलं आणि पोतं भाजीवर पसरलं. मामा रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ती ओरडेल, रडेल, निदान “मी सांगत होते” एवढं तरी म्हणेल, याची ते वाट पाहत होते. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

“मामा, गाडीच्या सावलीत बसा,” ती म्हणाली. “ऊन लागेल तुम्हाला.”

लंबूच्या ट्रॅक्टरने गाडी ओढत आणली. अंगणात कालच्यापेक्षा दुप्पट माणसं जमली. आग लागली तरी इतक्या लवकर येत नाहीत.

“इंजिन गेलं? असं कसं गेलं? डॉक्टर तर काल म्हणाले तेल ठीक आहे.”

मामांनी तोंड उघडायच्या आत भाची बोलली. “काल संध्याकाळी मामांनी पुन्हा ऐकलं. म्हणाले, बदल. मीच कंटाळा केला.”

काकूंनी चमकून मामांकडे पाहिलं. मामांनी खाली. काकू बोलणार तोच भाचीने त्यांचा हात दाबला.

“घ्या! म्हणजे डॉक्टरांनी सांगूनही?”

“कालपर्यंत तर मोठा आवाज येत होता हिला.”

“उद्या चढावर माणसांसकट मागे आली गाडी म्हणजे? मी तर बाबा माझ्या म्हातारीला हिच्या गाडीत बसवणार नाही.”

“मी पण नाही.”

लंबू चुकचुकत म्हणाला, “सोन्यासारखा मामा घरात, आणि हिला कंटाळा!”

ती मान खाली घालून उभी होती, हातात गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन. इंजिन पुन्हा उभं करता येतं. पण माणसं गाडीत बसायची थांबली तर पुन्हा कुणी बसवायची? मामांना एकदम घाम फुटला.

“खोटं आहे,” ते म्हणाले. “मी काही सांगितलं नाही. दिवा लागला तरी मीच चल म्हटलं. मला टिकटिक ऐकूच येत नाही. वर्ष झालं.”

 मग लंबू हळहळून म्हणाला, “बघा, याला म्हणतात माणूस. पोरीला पाठीशी घालायला स्वतःला बहिरा म्हणवून घेतोय.”

“खरंच सांगतोय रे!”

“असू दे डॉक्टर, आम्ही काय परके आहोत? लेकराची चूक पोटात घालावीच लागते.”

“मनाचा मोठेपणा, दुसरं काय!” कुणीतरी म्हणालं, आणि चार माना डोलल्या.

मामा जितकं खरं बोलत होते तितके गावाच्या नजरेत मोठे होत होते, आणि पोरगी तितकी लहान. त्यांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी तिच्या हातातल्या किल्ल्या घेतल्या आणि काकूंच्या हातात कोंबल्या.

“वहिनी, मी भिंतीकडे तोंड करतो. मागे उभ्या राहून या वाजवा. ऐकू आलं की हात वर करतो.”

“मामा, नको,” भाची म्हणाली. हे त्यांना आलं ऐकू.

ते भिंतीकडे वळले. पोपडे सुटलेला चुना, खिळ्याला अडकवलेला फॅन बेल्ट. कपाळावरचा घाम नाकावर आला तो त्यांनी पुसला नाही.

“वाजवा.”

मागे कुणी हसत नव्हतं. खाकरतही नव्हतं.

“वाजवा ना, वहिनी. संकोच कशाला करता?”

ते थांबले. अजून थोडे थांबले. मग न राहवून वळले.

काकूंचा हात त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर होता आणि हलत होता. किल्ल्या एकमेकींवर आपटताना त्यांना दिसत होत्या, उन्हात चमकत, जोरजोरात. काकूंच्या डोळ्यांना धार लागली होती, पण त्या वाजवायच्या थांबल्या नव्हत्या.

लंबूने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. तिचं काय करायचं हे त्याला सुचेना. काल पोटभर हसलेली माणसं आपापल्या चपलांकडे बघत होती.

शेवटी लंबूच बोलला, पण मामांशी नाही. पहिल्यांदाच या अंगणात तो प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला गेला.

“पोरी, माझ्या ट्रॅक्टरलाही अजून थंडीतलंच तेल आहे. काय करू? जरा ऐकून सांगतेस?”

भाचीने काकूंच्या हातातून किल्ल्या काढून घेतल्या. दिवसभराची दमलेली होती. जे मनात आलं ते बोलून गेली.

“ऐकायचं काय त्यात? एवढं ऊन पडलंय, दिसत नाही? आजच बदला सगळ्यांनी. त्याला कान कशाला लागतात?”

हे मात्र मामांना अगदी स्पष्ट ऐकू आलं.