निंबाचे समास

धुळ्याला सहकारी अध्ययनाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आमच्या गटात पाच मास्तर. तक्ता एकट्या प्रमिलाबाईंनी केला. बाकी आम्ही चहा प्यायलो, आणि सादरीकरणाला मी तक्त्याचं एक टोक धरून उभा राहिलो. प्रमाणपत्रं मात्र सगळ्यांना सारखीच मिळाली.

सोनगीरला माझ्या शाळेत आलो आणि लगेच पाचवीचे गट पाडले. गटाला जे गुण, तेच गटातल्या प्रत्येकाला. तिसऱ्या गटात कादर शिंप्याची सादिया आणि लताबाईचा निंबा. सादिया गणितात पटाईत, निंबाचं भागाकाराशी हाडवैर. तिनं त्याला शिकवावं, अशी ती थोर योजना. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "सर, याला समजावत बसले तर तक्ता कधी होणार?"

तपासणीला साहेब यायचे होते. मी म्हणालो, "आधी तक्ता."

तेव्हापासून सादिया लिहायची आणि निंबा समास आखायचा. रेघ अशी मारायचा की बघत राहावं. साहेबांनी फोटोसुद्धा काढले.

निंबाची आई लताबाई दिवाळीनंतर कापूस वेचायला बाहेरगावी जाते. मागं पोराला बघणारं कुणी नाही, म्हणून सहावीला त्याला वसतिगृहाच्या शाळेत घालायची तिची धडपड. तिथं प्रवेश परीक्षा असते. तिनं मला विचारलं, "सर, मना निंबाले भागाकार येस का?"

"दहापैकी दहा आहेत," मी ऐटीत सांगितलं.

परीक्षा आमच्याच शाळेत झाली आणि पर्यवेक्षक मीच होतो. वेळ संपल्यावर निंबाची उत्तरपत्रिका हातात घेतली. प्रत्येक पानाला चारी बाजूंनी सुबक समास, आत काहीच नाही.

"काही लिहिलं का नाहीस रे?"

"लिहायचं सादियाकडे असतं ना, सर."

निकाल लागला तशी लताबाई शाळेत आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी तोंड गटात शिकण्याचे फायदे सांगतच होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सर, आम्ही बठ्ठ्या बाया एकच वावरमा कापूस येचतस," ती म्हणाली. "पन सांजले गाठोडं ज्यानंत्यानं येगळं मोजतस."

पुढची दिवाळी झाली आणि निंबा शाळा सोडून तिच्याबरोबर वेचणीला गेला. त्याचं पाचवीचं गुणपत्रक कुणी नेलंच नाही, अजून माझ्या कपाटात आहे. गणितात दहापैकी दहा, आणि खाली माझी सही.