डॉक्टरांच्या यंत्रात मी मुकी झाले

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गोटू झोपेतून उठला आणि त्याचं ते सुरू झालं. मान एकदम पुढे, दोन्ही हात बाजूला फेकलेले, डोळे वर. मग अंग सैल. मग पुन्हा तेच. त्याच्या आईने रडत रडतच कॅमेरा धरून ठेवला.

तेच चित्र मग माझ्यात आलं. मी एक डीव्हीडी बोलतेय. बोलतेय म्हणायचीही लाज वाटते, कारण बोलायची खरी वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून काही फुटलं नाही.

गोटू सात महिन्यांचा. आई त्याला दवाखान्यात नेई तेव्हा पठ्ठ्या डॉक्टरांकडे बघून खदाखदा हसायचा. "दचकत असेल. पहिलंच मूल ना? तुम्ही फार घाबरता हो," डॉक्टर म्हणायचे. घरात सासूबाईही तेच म्हणायच्या. आईला धड सांगताही यायचं नाही. हात कसे फेकतो ते ती करून दाखवायला जायची आणि मध्येच ओशाळून थांबायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, "असं करा, पुन्हा झालं की त्याचं शूटिंग करून आणा. बघू तरी."

म्हणून तिने धाकट्या दिराचा कॅमेरा मागून आणला. आणि दुकानातून मला.

आम्हा डीव्हीडींमध्ये बऱ्याच जाती. दिसायला सगळ्या सारख्या, गोल आणि चकचकीत. साध्या 'आर' बहिणींवर एकदा लिहिलं की ते कायमचं. मी 'आरडब्ल्यू'. मला पुसून पुन्हा लिहिता येतं. घरच्या रेकॉर्डरमध्ये मला घातलं तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, कुठल्या पद्धतीने भरायचं, 'व्हिडिओ' की 'व्हीआर'? आईला काय कळणार? खाली लिहिलं होतं की व्हीआरमध्ये नको तो भाग कापता येतो. तिने तेच दाबलं.

कारण सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. "अगं, मागे दोरीवरचे कपडे दिसतायत! आणि हा पसारा! डॉक्टर काय म्हणतील, यांच्या घरात केर काढत नाहीत?"

"आई, डॉक्टर बाळाला बघणार आहेत, केराला नाही."

"बघतात गं, सगळं बघतात."

मग आईने कापलं. पसारा गेला, दोरी गेली, तिचं स्वतःचं रडणं गेलं. मधला तुकडा काढायचा, पुढचं मागचं जोडायचं, कुठे सांधा दिसत नाही. माझ्या साध्या बहिणींना हे जमायचं नाही. मी तर मनातल्या मनात फुशारले होते. दिराने कॅमेरा परत नेला आणि त्यातल्या त्याच टेपवर ऑफिसची सहल भरली. आता गोटूचं ते दुखणं जगात एकाच ठिकाणी होतं. माझ्यात.

दवाखान्यात आईने मला पर्समधून असं काढलं, जणू मी काचेची आहे. डॉक्टरांनी मला कॉम्प्युटरमध्ये सरकवलं.

मी फिरले. जीव तोडून फिरले. पण ज्या पद्धतीने मला कापलं, जोडलं होतं, ती त्या यंत्राला कळेचना. मी सगळं सांगत होते आणि त्याला अक्षर लागत नव्हतं. पडद्यावर काय आलं? 'डिस्क रिकामी आहे. नव्याने भरायला तयार करायची का?'

"रिकामीच आहे ही," डॉक्टर म्हणाले आणि 'हो'वर बोट नेलं.

"थांबा!" आई इतक्या जोरात ओरडली की गोटू रडायला लागला. "पुसलं जाईल ते! त्यात आहे हो सगळं. मी घरी बघितलंय."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. रागावले नाहीत, पण घड्याळाकडे बघितलं. "बरं. पुढच्या आठवड्यात नीट भरून आणा."

बाहेरच्या बाकावर आईने मला पर्समध्ये टाकलं. वेडी ठरली ती, माझ्यामुळे. मला तेव्हा वाटलं, आपल्यावर एखादा मोठा ओरखडा असता तर बरं झालं असतं. निदान कारण तरी दिसलं असतं.

घरी रेकॉर्डरमध्ये घातल्याबरोबर मी सगळं धडाधडा बोलले. गोटूच्या बाबांनी डोक्याला हात लावला. दिराला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही ती व्हीआरमध्ये भरलीत. दुसरीकडे चालेलच असं नाही. आणि आता पद्धत बदलायला गेलात तर आतलं सगळं पुसलं जाईल."

आई उठली. तिने रेकॉर्डरच्या मागच्या वायरी उपसायला सुरुवात केली.

"अगं, मशीन घेऊन कोण जातं दवाखान्यात?" बाबा म्हणाले.

"मी जाते. तुम्ही बाळाला धरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चादरीत गुंडाळलेला रेकॉर्डर दवाखान्यातल्या टीव्हीखाली ठेवला. तिथे पोरांसाठी कार्टून लागलेलं असायचं. रिसेप्शनवरची मुलगी "अहो ताई, असं नाही चालत" म्हणेपर्यंत बाबांनी पिवळी, लाल, पांढरी वायर जोडलीसुद्धा.

"कार्टून का बंद केलं?" एका पोराने गळा काढला.

मग पडद्यावर गोटू आला. मान पुढे, हात बाजूला. पुन्हा. पुन्हा. पोराच्या आजोबांनी त्याला जवळ ओढून घेतलं. सगळे गप्प झाले. ती शांतता ऐकूनच बहुतेक डॉक्टर बाहेर आले आणि दारातच उभे राहिले.

"हे रोज होतं?"

"रोज. उठला की."

"चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. "हे दचकणं नाही, झटके आहेत. आत या. डोक्याची तपासणी आजच करू. याला थांबून चालत नाही."

औषध सुरू झालंय. सकाळचे झटके कमी झालेत, अजून गेले नाहीत. आई अजूनही त्याच्या उशाशी श्वास धरून बसते. मी कपाटात, तिच्या कपड्यांच्या घडीखाली आहे. त्या दिवशी घरी येताना ती बाबांना म्हणाली, "माझ्या बाळाचं ते सगळ्यांनी बघितलं हो." ते मी ऐकलं. बंद खोलीत डॉक्टरांच्या कानात सांगायचं ते चारचौघांत सांगायला लावलं मी तिला. ही लाज काही पुसली जात नाही.

म्हणून हात जोडते. तुमच्या ओळखीत कुणी असं काही भरून नेणार असेल तर त्यांना सांगा, कापाकापीच्या नादी लागण्याआधी एक साधी प्रत काढून ठेवा, आणि घरातून निघण्याआधी शेजाऱ्याच्या यंत्रात लावून बघा. आयांना तर नक्की सांगा. घरातला पसारा दिसला तर दिसू दे म्हणावं.