घोटभर पाण्याचा आळ

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. फिरकीच्या झाकणाचा. पूर्वी प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातात माझा एखादा भाऊबंद असायचाच. झाकण फिरवून घट्ट बसवलं की मला आडवा पाडा, उलटा करा, थेंब सांडत नाही. हे गर्वानं सांगत नाही. माझं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर उभं होतं, म्हणून सांगतो.

धोंडीबा कोळ्यानं मला कल्याणच्या बाजारात घेतलं, आपल्या लेकीला, शेवंतीला लग्नात द्यायला. तिचं सासर बाळकुमचं. तेव्हा ते गावच होतं. खाडी दाराशी आणि प्यायचं पाणी लांब, त्यामुळे गोड्या पाण्याच्या भांड्याला घरात मान असे. धोंडीबानं लेकीला बजावलं होतं, "शेवंते, गावाभायेर पडशील तवा घरचं पानी भरून ने. वाटंत पी, वाटंत भर, पन तांब्या कोरडा पडू देऊ नको. उरला घोट घरी येऊन तुळशीला घाल. घरचं पानी घरी आलं की मानूस सुखरूप आलं."

शेवंतीनं हा नेम पंचेचाळीस वर्षं पाळला. एकवीरेच्या डोंगरावर गेलो, माहेरी गेलो, लग्नाकार्यांना गेलो. तिचा नवरा परशुराम खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. तो मला सगळ्यांसमोर उलटा धरायचा आणि म्हणायचा, "असं झाकन मला बसवता आलं असतं तर साहेबानं कवाच बढती दिली असती!" लोक हसायचे. मी चिंचेनं घासलेला, लखलखीत, त्याच्या हातात मिरवायचो.

परशुरामला वाळवंट बघायचं होतं. जन्मभर खाडी बघितलेल्या माणसाला पाणीच नसलेला मुलूख कसा असेल याचं भारी कुतूहल. यंदा जानेवारीत मुलानं, सुदेशनं, त्याला जैसलमेरला नेलं. सोबत शेवंती, सुदेशची बायको माधवी आणि मी. माधवी ठाकुर्लीची, लग्नाला आठ महिने झाले होते.

पिवळ्या दगडाचा तो किल्ला पाहून मी थक्क झालो. शेवंतीला मात्र बुरुजांपेक्षा दोरीवर वाळणाऱ्या साड्या आवडल्या. "बघा, किल्ल्यात पन मानसं ऱ्हातात!" अकल नावाच्या जागी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके पडले होते. परशुराम म्हणाला, "इथं झाडांचा दगड झाला. आपल्या बाळकुमात झाडांची बिल्डिंग झाली." मग राष्ट्रीय उद्यानात माळढोक बघायला गेलो. दोन तास वाट पाहिल्यावर लांब गवतात एक उंच मान दिसली. वनरक्षकानं ओठांवर बोट ठेवलं, तरी शेवंती कुजबुजलीच, "एवढ्या लांबून आलो नि हा पाठ करून उभा!" परशुराम तोंडावर टोपी धरून हसला. त्याला इतक्या आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या आदल्या दिवशी कुलधरा पाहिलं. गावकरी एकदम सोडून गेले असं सांगतात ते गाव. नुसत्या भिंती आणि ऊन. बाकीचे देवळाकडे गेले. माधवी मला घेऊन सावलीत थांबली. तितक्यात वाऱ्याची वावटळ उठली आणि तिच्या तोंडावर, गॉगलवर धूळच धूळ झाली. तिला फोटो काढायचा होता. तिनं झाकण फिरवलं, तोंड धुतलं, गॉगल धुतला. मी कोरडा झालो. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिला नेम ठाऊक नव्हता, म्हणून तोवर माझा राग नव्हता.

शेवंतीनं मला उचललं आणि तिचा चेहराच उतरला. "अगो, पानी कुठं गेलं?"

"मी नाही उघडला, आई," माधवी घाबरून म्हणाली. "झाकण गळतंय वाटतं. जुना झालाय ना."

"अगं आई, पाणीच आहे ना," सुदेश म्हणाला. "गाडीत अख्खा बॉक्स पडलाय बिसलेरीचा."

"ते घरचं हाय का?"

परशुरामनं मला हातात घेऊन झाकण पाहिलं. "हा गळनार नाय," तो म्हणाला. मग एकदा सुनेकडे पाहून त्यानं मला पिशवीत ठेवलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तो न्हाणीघरात घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शेवंती माझ्याकडे बोट दाखवून रडली, "यानं दगा दिला. पानी घरी आलं नाय." त्या दिवसापासून मी सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी. माधवी रोज तिथला कचऱ्याचा डबा उचलायची. रोज मी तिच्या बोलण्याची वाट पाहायचो.

परवा शेवंती मला मोडीत द्यायला कल्याणला घेऊन आली. माधवी सोबत होती. तांब्या गळतो असं तिनं सांगताच दुकानदार उत्तमनं मला पाण्यानं भरलं, झाकण लावलं आणि कोऱ्या कागदावर आडवं ठेवलं. चहा पिऊन होईपर्यंत ठेवलं. कागद कोरडाच.

"मावशी, हा गळतो म्हणून कुणी सांगितलं?"

शेवंतीनं हळूहळू मान वळवली. माधवीचे डोळे भरले होते. "आई, त्या दिवशी मी..."

माझ्या पितळेत जणू जीव आला. आता सुटलो, असं वाटलं.

"गप गो," शेवंती म्हणाली. तिनं सुनेचा हात धरला. "घरात एक मानूस बिछान्यावर हाय. तुझ्याशी वाकडं घेऊन मी कुठं जाऊ?" मग माझ्याकडे न बघता उत्तमला म्हणाली, "गळतो तो. घ्या मोडीत."

आणि त्या दोघी हात न सोडता पायऱ्या उतरून गेल्या.

मित्रांनो, जुनं भांडं कधीतरी मोडीत जायचंच. त्याचं मला दुःख नाही. माणसांनी माणसांना सांभाळावं, तेही मला पटतं. पण तुमच्या घरातली जुनी वस्तू देऊन टाकताना तिनं काम कसं केलं, ते तरी खरं सांगा. आम्हाला तोंड नसतं, हे तुम्हाला ठाऊक असतं. म्हणूनच आमच्यावर ढकलणं इतकं सोपं जातं.