मामाने बसवलेला पंखा

"मामा, तू आमच्या गाडीला बसवलेला पंखा सुलटा फिरतोय की उलटा?"

बस्स, एवढंच विचारायचं होतं. पैज लावली होती चष्मिसने, आणि लंबूने तिला टाळी दिली होती. दोघी भोंग्याच्या जिवलग मैत्रिणी, रोज तिच्या बाबांच्या गाडीतून शाळेत येणाऱ्या, आणि म्हणूनच गेला महिनाभर रोज सकाळी वाफेवर शिजणाऱ्या.

भोंगा हे नाव तिला याच वर्षी मिळालं. त्याआधी हजेरी घेताना तिचं "हजर बाई" पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचं नाही. मग एकदा परिपाठात बातम्या वाचायची पाळी नेमकी तिची असताना माइकने मान टाकली. तिने डोळे गच्च मिटले आणि असा काही आवाज लावला, की समोरच्या इमारतीतल्या माणसाने दचकून खिडकी उघडली. तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. बंद नळाबद्दल तिने थेट मुख्याध्यापिकांना गाठलं होतं. मग सख्ख्या मामाला एक प्रश्न विचारायचा म्हणजे काय, डाव्या हातचा मळ!

शाळा सुटल्यावर तिघी पुलापलीकडच्या गॅरेजवर गेल्या. मैत्रिणी टायरांच्या ढिगाआड लपल्या. मामा एका टेम्पोखाली होता, बाहेर फक्त बूट.

"कोण आहे?" बुटांनी विचारलं.

"मी."

"मी म्हणजे कोण? नावगाव काही?"

"तुझी एकुलती एक भाची!"

चाकांच्या फळीवरून मामा सर्रकन घरंगळत बाहेर आला. हात कोपरापर्यंत काळे, म्हणून त्याने कोपरानेच तिच्या डोक्यावर टपली मारली. स्टूल पुढे सरकवलं, सरबताची गार बाटली हातात दिली, आणि तिने तोंड उघडायच्या आत बाजूला ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "हिच्या बाबांच्या गाडीला पंखा बसवला गेल्या महिन्यात. कंपनीचा मिळेना, बाहेरचा आणला. पण फिटिंग असं, की कंपनीवाल्यांनी येऊन शिकावं! काय गं, कसा चाललाय?"

टायरांच्या आडून चार डोळे तिच्यावर रोखलेले.

"मस्त," भोंगा म्हणाली. "एकदम मस्त, मामा."

तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. टायरांमागे कुणीतरी फिस्सकन हसलं. परत येताना दोघींनी तिची अशी रेवडी उडवली की विचारू नका. "मुख्याध्यापिकांपुढे वाघीण, मामापुढे मांजर!" लंबू तर पुलावर दोनदा म्याव म्हणाली.

पण त्या दोघींना काय माहीत? मामाला एक खोड होती. नट आवळून झाला, की तो बारीक ब्रशने नटावरून खालच्या लोखंडावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचा. नट केसभर जरी कुणी हलवला, तरी रेघ तुटायची. चार वर्षांपूर्वी बाबांनी मामाचं काम दुसऱ्या मेकॅनिकला दाखवलं होतं, उगीच आपली खात्री म्हणून. त्याने नट सोडून पाहिले, सगळं ठीक आहे म्हणाला आणि परत आवळले. पुढच्या खेपेला मामाने बॉनेट उघडलं. तुटलेली रेघ पाहिली. पाना खाली ठेवला, हात पुसले आणि गेला तो गेलाच. त्यानंतर चार वर्षं त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. आई फोन करायची, तो उचलायचा नाही. रस्त्यात दिसला तर समोरच्या फुटपाथवर.

या वर्षी गाडीचा, इंजिन गार ठेवणारा रेडिएटरचा पंखा जळाला, तो मामाच्या कानावर गेला कुठून तरी. आणि एका दुपारी खोकं बगलेत मारून तो स्वतःच दारात उभा! म्हणाला, "ताई, पंखा आणलाय." आईच्या डोळ्यांना जी धार लागली, ती पंखा बसून होईपर्यंत थांबली नाही. आता तो दर रविवारी जेवायला यायचा. पण पाटावर बसायच्या आधी अंगणात जाऊन बॉनेट उघडायचा, रेघा बघायचा, आणि मगच हात धुवायचा.

आणि त्या दिवसापासून गाडी तापत होती.

मोकळ्या रस्त्यावर काही कळायचं नाही, कारण गाडी पळताना समोरचा वाराच इंजिन गार ठेवतो. पण गर्दीत अडकली, की तापमानाचा काटा सरसर वर. मग बाबा हिटर लावायचे. भर उन्हाळ्यात! हिटर लावला की इंजिनाची उष्णता आत माणसांवर येते आणि इंजिन जरा वाचतं. माणसांचं काय, ती शिजली तरी चालतात. कुणी चकार शब्द काढायचं नाही, अशी घरात न सांगता ठरलेली शिस्तच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुलाच्या बरोबर मध्यावर अडकली. पुढे ट्रक, मागे बस, डावीकडे कठडा. पुढे बाबा आणि शिवणकामाच्या कारखान्यात निघालेली आई, मागे तिघी, आणि त्यांच्या मागे बेकरीचे पावाचे क्रेट, जे बाबांना दिवसभरात दुकानोदुकानी टाकायचे होते. बाबांनी मुकाट्याने हिटरची कळ फिरवली. पायांवर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं झालं. मागची एक खिडकी उघडत नव्हती, नेमकी भोंग्याकडची. चष्मिसचा चष्मा धुरकटला. आईने पदराने मान पुसली आणि जणू बागेत बसल्यासारखी म्हणाली, "आज जरा वारा आहे, नाही?"

"काकू, हा वारा नाही, तुमचा हिटर आहे," लंबू म्हणाली.

कुणी हसलं नाही. काटा लाल रेघेला टेकत होता. बाबांच्या कानामागून घामाचा ओघळ निघाला, कॉलरमध्ये शिरला, तरी हात स्टिअरिंगवरून हलला नाही. भोंग्याने इकडेतिकडे पाहिलं. खिडकी बंद, दार अडलेलं, तोंड बंद. दर सकाळी हेच? जन्मभर?

चष्मिस भोंग्याच्या कानात पुटपुटली, "कागद धर पुढच्या जाळीसमोर. पंखा बाहेरची हवा आत ओढतो, कागद चिकटला पाहिजे. उडाला तर समज, वायरी उलट्या जोडल्यात."

भोंग्याने दोघींना ओलांडून लंबूच्या बाजूचं दार उघडलं, रस्त्यावर उतरली आणि पुढे धावली. कुठल्याशा सेलच्या जाहिरातीचा कागद तिने सीटवरून उचलला होता. ट्रक आणि गाडी यांच्या बेचक्यात अंग चोरून उभी राहत तिने तो जाळीसमोर धरला. कागद फडफडला आणि फाडकन तिच्या तोंडावर आला. मागोमाग गरम झोत. तिने पुन्हा धरला. पुन्हा तोंडावर. इंजिनाच्या बाजूची गरम हवा हा पठ्ठ्या इमानेइतबारे बाहेर फेकत होता, आणि पुढून येणारा थोडाफार वाराही अडवत होता.

"बाबा! पंखा उलटा फिरतोय!" पूल दणाणला. "दोन वायरींची अदलाबदल, बाकी काही नाही!"

बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढली. चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं.

"ठाऊक आहे मला," ते हळूच म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात कळलं."

"काय? मग बदलल्या का नाहीत?"

"कशा बदलू? पंख्याचं कव्हर खोलावं लागतं. चार नट, चार रेघा. रविवारी तो बघणार."

"अहो बाबा, इंजिन बसलं तर? पाव काय डोक्यावरून पोचवणार?"

"हळू बोल," आई म्हणाली. "चार वर्षं, बाळा. माझा एकच भाऊ आहे. गाडी काय, दुसरी घेता येईल."

"कुठून?" बाबांनी विचारलं. आई समोरच्या काचेतून ट्रककडे बघत राहिली.

मागची बस बोंबलायला लागली. बाबांनी शेवटी इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफेची बारीक शेपटी निघाली. भोंगा आईबाबांकडे बघत उभी राहिली. तिला एकदम दिसलं, की ही दोघं गाडीत नाही, मामाच्या रुसव्यात अडकली आहेत, आणि तिथलं दार आतून उघडतच नाही. गॅरेजमध्ये सरबत पीत "मस्त" म्हणून तीही तिथेच जाऊन बसली होती.

तिने कागदाचा चोळामोळा करून खिशात कोंबला.

"मी मामाला आणायला चाललेय," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी दोघांनीही वर बघितलं. "पूल उतरला की गॅरेज. त्याला इथे घेऊन येते. तोवर बॉनेटला कुणी हात लावायचा नाही, त्याच्या रेघा तोच तोडेल. आई, तू मध्ये पडायचं नाहीस. बाबा, तुम्हीही नाही. पंखा उलटा आहे हे मीच सांगणार. रुसायचं असेल तर माझ्यावर रुसू दे त्याला, मी मनवेन. पण या गाडीत असं गप्प मी परत बसणार नाही."