कुसळवाडीची मध्यावधी

लोकशाहीत अंतिम सत्ता जनतेच्या हाती असते. कुसळवाडीच्या शाळेच्या भिंतीवर हे वाक्य गेरूनं लिहिलेलं होतं आणि गावात त्याला कुणाचाही विरोध नव्हता. एकोणऐंशी सालच्या कोरड्या हिवाळ्यात मात्र ती सत्ता तालुक्याच्या गावाहून, भूमहून येणाऱ्या टँकरच्या नळीत होती, आणि नळी कुठल्या विहिरीत सोडायची ते सरपंच श्रीपतराव ठरवत. ते ती आपल्या मळ्यातल्या विहिरीत सोडत. गावविहिरीत पाणी ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

धुरपताबाईच्या वस्तीवरची बौद्धांची घरं त्याच मळ्यात पाण्याला जात. त्यांचा नंबर शेवटचा. तोवर घागरीत पाण्यापेक्षा गाळच जास्त येई. एक टँकर वस्तीवरच्या विहिरीत पडावा, एवढंच धुरपताबाईचं मागणं होतं. पण ती स्वतःच ग्रामपंचायतीची मेंबर असल्यामुळं तक्रार कुणाकडं करावी, हे तिला कळत नव्हतं.

मेंबर ती बायकांच्या जागेवर झाली होती. सभा असली की कोतवाल वही घेऊन दारात येई. ती भाकरी थापता थापता हात पुसून अंगठा उठवी आणि सभेला हजर होई. तीन वर्षं ती अशी उंबऱ्यावरून कारभार करत होती. ठरावात काय लिहिलंय म्हणून विचारलं तर कोतवाल म्हणे, "चांगलंच असतंय."

अशात रेडिओवर मध्यावधी निवडणुकीचा गजर सुरू झाला. एका सकाळी उपसरपंच ज्ञानोबा धुरपताबाईच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"जय भीम, आक्का," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच निघत होते. धुरपताबाईला वाटलं, कुणीतरी वारलं.

"काय झालं ओ?"

"कुटं काय? मध्यावधी आलीय."

"म्हंजी?"

"पाच वर्सांसाठी धाडलेलं सरकार मधीच पडलं. आता पुन्ना मतं."

"पाडलं कुणी?"

"पाडलं न्हाय कुणी. मागं हुभे होते ते बाजूला सरकले. आक्का, सालगडी पाडव्याला धरत्यात. पर कामाचा नसला तर दिवाळीलाच काढत्यात का न्हाय?"

"काढत्यात. पर ते मालक काढतो."

"मग हितं मालक तुमीच की!"

धुरपताबाईनं मागं वळून पाहिलं. मागं शेळी बांधलेली होती.

ज्ञानोबाला श्रीपतरावांवर अविश्वासाचा ठराव आणायचा होता आणि एक हात कमी पडत होता. शिवाय या सभेला तहसीलचे साहेब बसणार होते. अंगठा घरबसल्या घेता येतो, हात वर करायला मात्र माणूस न्यावा लागतो.

"आन् टँकर?" तिनं विचारलं.

"कारभार हाती आला की पैला टँकर वस्तीवर. आईची आन."

संध्याकाळी श्रीपतराव स्वतः आले. आजवर ते 'धुरपते' म्हणत. आज 'धुरपताबाई' म्हणाले. अंथरलेल्या घोंगडीवर बसलेही. चहा मात्र आत्ताच झालाय म्हणाले.

"त्या ग्यानबाच्या नादी लागू नगा. तुमचं काय काम असंल ते सांगा."

"टँकर."

"सभा तर होऊ द्या. मग बघू की."

"मालक, तीन वर्सं तुमी बघतायसाच. डोळं दुखलं असतील तुमचं."

सभेच्या दिवशी धुरपताबाई ग्रामपंचायतीच्या कचेरीत पहिल्यांदाच आत गेली. सतरंजी पुरली नाही, म्हणून दाराशी बसली. साहेबांनी विचारल्यावर तिनं हात वर केला, आणि खाली घ्या असं कुणी सांगितलं नाही म्हणून बराच वेळ तसाच ठेवला. श्रीपतराव पडले. नवा सरपंच लोकसभेच्या मतदानानंतर निवडू, तोवर उपसरपंचांनी कारभार पाहावा, असं सांगून साहेब जीपमध्ये बसले.

ज्ञानोबा शब्दाला जागला. पुढचा टँकर वस्तीवर रिकामा करावा, असं त्यानं त्याच दिवशी तहसीलला कळवलं. वस्तीनं विहिरीतला गाळ उपसला, कठडा सारवला. बायकांनी घागरी ओळीनं मांडल्या. धुरपताबाईची घागर सगळ्यांत पुढं.

मतदानाच्या आदल्या दिवशी शाळेकडं जाता जाता गाडी चढ चढून वस्तीवर आली. गाडी टँकरचीच होती, ड्रायव्हर महांतप्पाही नेहमीचाच. मागं टाकी तेवढी नव्हती. टाकीच्या जागी मतपेट्या, कंदील आणि धुळीनं पांढरे झालेले तीन साहेब होते.

"महांतप्पा, टाकी कुठंय?"

"तहसीलच्या आवारात उतरवलीय. गाडी इलेक्शनला लागली. मध्यावधी हाय न्हवं, मावशे."

"आन् पाणी?"

"निकालानंतर बघू म्हनले."

साहेबांपैकी एकजण खाली उतरला आणि त्यानं प्यायला पाणी मागितलं. ते श्रीपतरावांच्या विहिरीवरून आणावं लागलं.