चाळीसला एकोणचाळीस

मी टेप बोलतेय. शिंप्याच्या गळ्यात असते ना, ती पिवळी, साठ इंची. सध्या मी एका मुलीच्या मुठीत आहे आणि त्या मुठीला घाम सुटलाय. घाबरलोय आम्ही दोघीही. तिचं कारण नंतर सांगते, आधी माझं ऐका.

मी खोटी आहे. चाळीस इंचांना मी एकोणचाळीस सांगते. जन्माची अशी नव्हते हो. कारखान्यातून निघाले तेव्हा रेघ न् रेघ बरोबर होती. पण वीस वर्षं मास्तरांच्या गळ्यात लोंबकळले, पोट सुटलेल्या गिऱ्हाइकांभोवती ताणली गेले आणि हळूहळू सैल पडले. गंमत म्हणजे दुकानात हे कुणाला कळलंच नाही. ज्या टेपने माप घ्यायचं तिनेच कापड बेतायचं, त्यामुळे चूक चुकीतच जिरून जायची आणि कोट अंगावर चपखल बसायचा.

मला मात्र कायम धाकधूक. मी नवी आले त्या दिवशी मास्तरांनी जुनी टेप माझ्याशेजारी धरली होती. ती सैल निघाली. त्यांनी कात्रीने तिचे तुकडे केले आणि गठ्ठे बांधायला वापरले. ते सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे मास्तरांची नजर अधू झाली, दुकान बंद झालं आणि मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले. वाटलं, सुटले एकदाची.

तो डबा त्यांच्या मुलीने उघडला. ती चित्रं काढते. पहिलंच प्रदर्शन ठरलं होतं आणि किमती ठरवायच्या म्हटलं की ती विषयच बदलायची. मैत्रिणीने तोडगा सांगितला, "नवीन माणसाने लांबी-रुंदीचा गुणाकार करायचा, चौरस इंचाला एक दर लावायचा. कुणी वाद घालत नाही." झालं! आली माझी पाळी.

सगळ्यात मोठं चित्र मास्तरांचंच होतं, मशीनवर वाकलेले. डाव्या कडेला, अगदी खाली, पायडलवर टेकलेली त्यांची टाच. त्या टाचेच्या भेगांवर तिने महिनाभर घालवला होता. मी तेही चित्र कमीच सांगितलं. तिने पेन्सिलीने किंमत लिहिली, घाबरून खोडली, आणखी कमी लिहिली. खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. पण कात्री आठवली आणि मी मूग गिळून गप्प बसले.

तेच माप तिने फ्रेमवाल्याला दिलं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बापलेक फ्रेम आणायला गेले, तर चित्र आत बसेना.

"ताई, माप तुमचंच आहे," फ्रेमवाला म्हणाला. "नवी फ्रेम उद्यापर्यंत काही होत नाही. डावीकडून इंचभर कापू या का? कोणाच्या लक्षात येतंय!"

त्याने पातं उचललं. मी तिच्या पिशवीत गार पडले. माझ्या खोटेपणापायी मास्तरांचा पाय जाणार होता.

ती पुटपुटली, "फ्रेम नसेल तर तेवढेही कोण देणार? कापा."

"थांब गं," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे किती जणांना कापड कमी पडलं. मी जोड दिला, पण माणूस नाही कापला. फ्रेमशिवाय लाव." मग किमतीची चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, "ही कशी काढलीस?"

"इंचावर."

"अगं, पडद्याला कोटापेक्षा कापड जास्त लागतं. म्हणून मी पडद्याची शिलाई जास्त घेत होतो का?"

तिने चिठ्ठी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांनी मला पिशवीतून काढून फ्रेमवाल्याच्या लोखंडी पट्टीशेजारी धरलं. बोटांनी चाचपलं. सगळं उघडं पडलं.

"सैल झालीय. इकडे दे ती कात्री."

मी डोळे मिटले म्हणा हवं तर.

"नको बाबा," ती म्हणाली. "तिचं एकटीचं कुठे चुकलं? मी पण कमीच सांगत होते."

तेव्हापासून मी तिच्याजवळ आहे. आज सकाळी तिने नवी किंमत शाईने लिहिली, सहा महिन्यांच्या कामाची. आत्ता एक गृहस्थ चित्रासमोर वाकून चिठ्ठी वाचत होते.

"जरा जास्तच वाटते. काही कमी होईल का?"

तिने मला इतकं आवळलं की माझे आकडे तिच्या तळव्यावर उमटले असतील. हिची जीभ आता सैल पडणार, असं वाटून माझाच जीव टांगणीला लागला.

"नाही," ती म्हणाली. आवाज चिरकला.

ते पुढच्या भिंतीकडे गेले. परत येतील की नाही, कोण जाणे. मूठ अजून सुटलेली नाही.

तुम्ही प्रदर्शनाला आलात तर एवढं करा. आधी डाव्या कडेला, खाली, ती टाच बघा. मग खुशाल किंमत विचारा. तिचा आवाज कापेल, पण ती कमी सांगणार नाही.