पंख्याखालचं प्लास्टिक

मी एक जुना गेमिंग कॉम्प्युटर आहे. मित्रांनो, गेमिंग म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असतील. पण माझे रंगीत दिवे कधीच गेले, आणि मला आता कशाचं फारसं काही वाटतही नाही. तरी जे झालं ते सांगतो.

नागपूरच्या एका दुकानात माझे भाग जोडले. पहिली तीन वर्षं मी आदिलाबादला लग्नाचे व्हिडिओ बनवणाऱ्या एकाकडे राबलो. शेकडो लग्नं माझ्यातून गेली, पण जेवणाचं आमंत्रण एकाही घरातून आलं नाही. मग मी इचोड्याला लक्ष्मणरावांच्या घरी आलो. हायवेवर त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यांची लेक तेजस्विनी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती. तिचा खेळ पाहून आदिलाबादजवळच्या मावला गावच्या जान्हवीनं तिला आपल्या पाच मुलींच्या संघात घेतलं. राज्याच्या ऑनलाइन स्पर्धेची निवड फेरी महिन्यावर आली होती. "आई, मले याच्याइतकं दुसरं काईच चांगलं येत नाही," ती रेणुकाबाईंना म्हणायची. ते खरंच होतं.

त्याच सुमारास माझ्या प्रोसेसरवरचा पंखा कुरकुरू लागला, म्हणून मोठा नवा मागवला. तो आला तेव्हा तेजस्विनी कॉलेजात होती. ट्रकला रेडिएटर बसवणाऱ्या माणसाला हे काय जड, म्हणून लक्ष्मणरावांनी तो स्वतःच बसवायला घेतला. लेकीला खूश करायचं होतं.

आता या घराची एक रीत सांगतो. इथे नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कोणी काढत नाही. रिमोटवर प्लास्टिक, फ्रिजच्या मुठीवर प्लास्टिक, चार वर्षांच्या स्कूटीच्या सीटवरही प्लास्टिक. पंख्याच्या तांब्याच्या तळावर एक पारदर्शक पापुद्रा होता आणि त्यावर लाल इंग्रजी अक्षरं. लिहिलं होतं की बसवण्याआधी हे काढा. लक्ष्मणराव समजले, काढू नका. त्यांनी पापुद्र्यावरच उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली आणि चारही स्क्रू ताकदीनं आवळले. मला ते कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

मधे प्लास्टिक असल्यावर माझी उष्णता पंख्यापर्यंत पोचणार कशी? खेळ सुरू झाला की दहा मिनिटांत मी पंच्याण्णव अंशांवर जायचो, शंभरावर बंद. दुखायचं का, असं विचाराल. नाही. आधी सगळं हळू व्हायचं आणि मग काहीच नसायचं.

तेजस्विनीनं ब्लोअरनं धूळ उडवली. मला भिंतीपासून ओढलं, बाजूचं झाकण उघडं ठेवलं, खेळातली सगळी चित्रं फिकी केली. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तो पंखा एकदा खोलून पाहू का?"

"काऊन?" लक्ष्मणराव म्हणाले. "माह्या हातचं काम हाय ते. वीस वर्षांत एक रेडिएटर वापस नाही आलं दुकानात."

बापाच्या हातावर शंका घेतल्यासारखं होईल, म्हणून तिनं पुन्हा विचारलंच नाही.

निवड फेरीच्या दिवशी दुपारी मी तीनदा बंद पडलो. तिसऱ्यांदा मला सुरू करायच्या आधीच जान्हवीचा फोन आला. "तेजू, आमी दुसरीला घेतलं. तुई चूक नाही हाय, पण थांबता नाही येत ना."

"हाव," तेजस्विनी म्हणाली. ती रडली नाही, चिडलीही नाही. हेडफोन काढून ठेवला आणि तास-दीड तास माझ्या काळ्या पडद्याकडे पाहत बसली. त्या वेळी आम्ही दोघं अगदी सारखे होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं पंखा खोलला. तो पापुद्रा सोलून काढला, त्यावरची लाल अक्षरं वाचली, नवी पेस्ट लावली. तोच खेळ तासभर चालवून पाहिला. मी साठाच्या वर गेलो नाही.

लक्ष्मणराव दुकानातून आले. "काय होतं वं?"

तेजस्विनीनं पापुद्र्यावर मूठ मिटली. "धूळ होती, बाबा."

"म्हटलं होतं ना मी, बसवण्यात काई खोट नाही," असं म्हणत ते समाधानानं हातपाय धुवायला गेले.

मित्रांनो, नवी वस्तू जपायची म्हणून तिला गुंडाळून ठेवू नका. तिच्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा, कळलं नाही तर विचारा. आणि आपल्या माणसानं केलेलं काम पुन्हा तपासलं, तर त्याचा अपमान होत नाही. वेळ गेल्यावर तपासलं तर वस्तू तेवढी दुरुस्त होते.

मी आता दिवसभर थंड असतो. तेजस्विनी माझ्यावर फक्त इंटरच्या नोट्स उघडते. त्यासाठी मला गरम व्हावं लागत नाही.